न्यूस्टेडचे धनी

न्यूस्टेड ह्या नावाचा अर्थ ‘नवी जागा’. राजा दुसरा हेन्री ह्याने ११७०च्या सुमारास शेरवुडच्या अरण्यात ऑगस्टिनियन पंथाच्या धर्मोपदेशकांसाठी मठ वसवला, तेव्हा ती जागा खरोखरच नवी होती. साडेआठशे वर्षे उलटली तरी नाव तेच राहिले. त्याला चिकटलेले ‘ॲबी’ हे नाव मात्र सरळसरळ चुकीचे आहे. ख्रिस्ती मठांच्या उतरंडीत ही वास्तू ॲबी कधीच नव्हती, तिच्या एक पायरी खालची ‘प्रायरी’ होती. ॲबी हा किताब तिला पुढच्या मालकांनी बहाल केला, आणि एका कवीने तो वाङ्मयात रूढ केला.

आपल्याकडचा इंग्रजी साहित्याचा विद्यार्थी न्यूस्टेडला ओळखतो तो त्या कवीमुळे. लॉर्ड बायरनचे घर, पडक्या चर्चची भिंत, तळे, लाडक्या कुत्र्याची समाधी, कवटीचा प्याला : अभ्यासक्रमातल्या प्रस्तावनांतून एवढे सामान आपल्या ओळखीचे झालेले असते. परंतु १५४०पासून आजपर्यंतच्या पावणेपाचशे वर्षांत कवी बायरन ह्या घराचा मालक होता ती वर्षे अवघी एकोणीस, आणि त्यांतही तो प्रत्यक्ष राहिला तो अधूनमधून, १८०८ ते १८१४ ह्या काळात. त्याने घर बांधले नाही, दुरुस्त केले नाही, राखलेही नाही. मग हे घर उभे कसे राहिले, आणि त्यासाठीचा पैसा कुठून आला? साहित्याच्या वर्गात हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. मला तो कवितेच्या बाहेरचा वाटत नाही. का, ते पुढे ध्यानात येईल.

आठव्या हेन्रीने इंग्लंडमधील मठ खालसा केले त्या लाटेत १५३९ साली न्यूस्टेडही गेले. दुसऱ्याच वर्षी सर जॉन बायरन नावाच्या नॉटिंगहॅमशरमधल्या जमीनदाराने ती मालमत्ता ८१० पौंडांना राजाकडून विकत घेतली. मठवासियांच्या राहत्या दालनांचा त्याने वाडा केला, आणि चर्च मोडून काढले. राहिली ती चर्चची पश्चिमेकडची दर्शनी भिंत. तिच्यातल्या भल्यामोठ्या खिडकीतून आज आभाळ दिसते, आणि वरच्या कोनाड्यात मुकुटधारी मेरीची मूर्ती अजून तशीच आहे. मठ सोडताना मठवासियांनी आपले गरुडाकृती पितळी व्यासपीठ तळ्यात बुडवून ठेवले होते असे सांगतात. अठराव्या शतकात ते गाळातून वर आले, विकले गेले, आणि आता साउथवेलच्या मोठ्या चर्चमध्ये आहे. एकंदरीत ह्या घराचा आरंभच मुळी एका सक्तीच्या विक्रीतून झाला.

मधल्या बायरनांविषयी फार सांगण्यासारखे नाही. ते राजाच्या बाजूने लढले, लॉर्ड झाले, कर्जात बुडाले आणि वर आले. सांगण्यासारखा आहे तो पाचवा लॉर्ड, विल्यम. जानेवारी १७६५मध्ये लंडनच्या पॅल मॅल रस्त्यावरील एका खानावळीत शेजारचा जमीनदार आणि नातेवाईक विल्यम चॉवर्थ ह्याच्याशी त्याचा वाद झाला. रानातली शिकार कोणाकडे अधिक आणि ती कशी राखावी, असल्या किरकोळ कारणावरून. मंद उजेडाच्या एका खोलीत तलवारी उपसल्या गेल्या आणि चॉवर्थ मेला. उमराव असल्यामुळे खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे चालला. सदोष मनुष्यवधाचा ठपका बसला आणि दंड भरून स्वारी घरी आली. त्यानंतरची तेहेतीस वर्षे त्याने न्यूस्टेडचा नाश करण्यात घालवली. तळ्याकाठी खेळण्यातले किल्ले बांधून नौकायुद्धे लढवली, चित्रे विकली, ओकची झाडे तोडून विकली, हरणे मारली. मुलाने मनाविरुद्ध लग्न केले म्हणून त्याच्या हाती ओसाड वारसा पडावा, हा त्यामागचा हेतू होता अशी दंतकथा आहे. दंतकथेतली खोच अशी की मुलगाही बापाआधी गेला, आणि नातूही १७९४ साली कॉर्सिकातल्या वेढ्यात तोफगोळ्याने मारला गेला. सूड उगवला गेला तो ज्याचा काही संबंध नव्हता अशा दहा वर्षांच्या एका पोरावर. हा पोर म्हणजे चुलतनातू जॉर्ज गॉर्डन, पुढचा कवी.

१७९८च्या उन्हाळ्यात आईबरोबर तो ॲबर्डीनहून न्यूस्टेडला आला तेव्हा छप्पर गळत होते आणि दालनांत गवत साठवलेले होते. पैसा नसल्यामुळे घर भाड्याने द्यावे लागले. १८०३पासून पाच वर्षे लॉर्ड ग्रे नावाचा भाडेकरू तिथे राहिला. तरुण मालक शेजारच्या गावातून आपल्याच घराकडे पाहत होता. १८०७ साली निघालेल्या त्याच्या ‘अवर्स ऑफ आयडलनेस’ ह्या संग्रहात न्यूस्टेडवर दोन कविता आहेत. पडझड, लुप्त झालेले पूर्वज, सोसाट्याचा वारा हा त्यांतला सारा ऐवज त्या काळच्या गॉथिक अभिरुचीला धरून आहे, ह्यात शंका नाही. पण आपण ज्याला अभिरुची म्हणतो, ती इथे छप्पर शाकारायला पैसे नसण्याची दुसरी बाजू आहे, हे घराचा हिशेब पाहिल्याखेरीज उमगत नाही. भग्नावशेषांचे सौंदर्य बायरनला पुस्तकांतून शोधावे लागले नाही. ते त्याला वारशात मिळाले होते, कर्जासकट.

१८०८मध्ये तो राहायला आला. केंब्रिजचा अस्वल, माळ्याला सापडलेल्या कवटीचा प्याला, मित्रांसह मठवासियांचे झगे चढवून केलेल्या मेजवान्या, हे सर्व इतक्या वेळा लिहिले गेले आहे की इथे सोडून देतो. त्याच वर्षी नोव्हेंबरात बोट्सवेन हा त्याचा कुत्रा पिसाळून मेला. चर्चची मुख्य वेदी जिथे असावी असे बायरनला वाटले, तिथे त्याने कुत्र्यासाठी स्मारक उभारले, आणि स्वतःलाही त्याच जागी पुरावे असे मृत्युपत्रात लिहून ठेवले. जवळपासच्या गावांत तेव्हा मोजे विणणारे कारागीर यंत्रे फोडत होते. फेब्रुवारी १८१२मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समधले आपले पहिले भाषण बायरनने त्यांच्या बाजूने, यंत्रे फोडणाऱ्यास फाशी देऊ पाहणाऱ्या विधेयकाविरुद्ध केले. आणि त्याच वर्षी न्यूस्टेड लिलावात काढले.

लिलावात हवी ती किंमत आली नाही. मग क्लॉटन नावाचा वकील १,४०,००० पौंड देऊ म्हणाला, आणि दोन वर्षे टोलवाटोलवी करून हटला. त्याने भरलेले २५,००० पौंड बायरनने जप्त करून खर्चून टाकले. अखेर १८१७च्या अखेरीस घर विकले गेले ते ९४,५०० पौंडांना. बायरन तेव्हा व्हेनिसमध्ये होता. हॅरोच्या शाळेतला त्याचा सोबती, वॉटर्लूच्या लढाईत लॉर्ड अक्सब्रिजचा साहाय्यक राहिलेला कर्नल टॉमस वाइल्डमन हा नवा मालक. कुत्र्याच्या समाधीसह कवीने स्वतःसाठी योजलेली जागाही विक्रीत गेली. १८२४मध्ये ग्रीसहून आलेले त्याचे शव शेवटी काही मैलांवरच्या हकनॉल गावच्या चर्चमध्ये पुरण्यात आले.

बायरनची चरित्रे इथे सुटकेचा श्वास टाकतात. घर परक्या हाती न जाता मित्राच्या हाती गेले, त्याने ते प्रेमाने सावरले. हे खोटे नाही. पण ह्या मित्राचा पैसा कुठला?

त्यासाठी आणखी एका घराकडे जावे लागते. जुलै १८०९मध्ये बायरन पोर्तुगालमधल्या सिंत्राला गेला होता. तिथे ‘वाथेक’ ह्या पौर्वात्य अद्भुतिकेचा कर्ता विल्यम बेकफर्ड पूर्वी ज्या हवेलीत राहिला होता ती त्याला ओसाड पडलेली दिसली. ‘वाथेक’ हे बायरनचे अतिशय लाडके पुस्तक. ‘द गियावर’च्या टिपांत त्याने त्याची मुक्तकंठाने स्तुती केली आहे. ‘चाइल्ड हॅरल्ड’च्या पहिल्याच सर्गात ती ओसाड हवेली आणि तिचा धनाढ्य, एकाकी मालक येतात. वैभवाच्या क्षणभंगुरतेचे उदाहरण म्हणून आपण ती कडवी शिकवतो. बेकफर्डचे वैभव म्हणजे त्याच्या घराण्याचे जमैकातले उसाचे मळे आणि त्यांवर राबणारे हजारो आफ्रिकी गुलाम. बापाच्या मृत्यूनंतर वयाच्या दहाव्या वर्षाच्या आसपास तो ह्या संपत्तीचा धनी झाला. बायरनला वारसा मिळाला तोही ह्याच वयात. फरक एवढाच की एकाला साखर मिळाली आणि दुसऱ्याला गळके छप्पर.

बेकफर्डचे सारे व्यवहार त्याचा वकील पाहत असे. मालक फाँटहिलला मनोरे बांधण्यात आणि परदेशी हिंडण्यात दंग. वकील आणि त्याचे भाऊ मळ्यांच्या हिशेबात. असल्या व्यवस्थेचे पुढे काय होते हे पेशवाईतल्या कारभाऱ्यांच्या कथा वाचलेल्या माणसाला सांगायला नको. जमैकातला ‘क्वेबेक’ नावाचा मळा अठराव्या शतकाच्या अखेरीस बेकफर्डच्या हातून निसटून वकिलाच्या कुटुंबाकडे गेला. ह्या वकिलाचे नाव टॉमस वाइल्डमन. न्यूस्टेड विकत घेणारा कर्नल हा त्याचाच मुलगा.

म्हणजे ज्या लेखकाच्या ओस पडलेल्या हवेलीवर बायरनने १८०९मध्ये हळहळ व्यक्त केली, त्याच लेखकाच्या मळ्यातल्या उसाच्या पैशाने आठ वर्षांनी बायरनचे घर विकत घेतले. बायरनला ही साखळी कितपत उलगडली होती हा प्रश्न मला गौण वाटतो. ‘चाइल्ड हॅरल्ड’ शिकवताना आपण त्या कडव्यांखाली ‘बेकफर्ड : श्रीमंत लेखक’ एवढीच टीप देतो, ती टीप अपुरी आहे.

कर्नल वाइल्डमन हाडाचा सज्जन असावा. जॉन शॉ ह्या वास्तुविशारदाला हाताशी धरून त्याने न्यूस्टेडची डागडुजी केली. त्यावर त्याने सुमारे एक लाख पौंड, म्हणजे जवळजवळ खरेदीइतकीच रक्कम, खर्च केल्याचे सांगितले जाते. बायरनचे शयनगृह त्याने जसेच्या तसे राखले. छते, लाकडी तावदाने, मोठे दिवाणखाने नव्याने केले. आपला स्नेही ड्यूक ऑफ ससेक्स ह्याच्या नावे एक मनोराही बांधला. बायरनने हे नवे रूप कधी पाहिले नाही. १८२३ साली ‘डॉन जुआन’च्या तेराव्या सर्गात त्याने ‘नॉर्मन ॲबी’ ह्या नावाने जे न्यूस्टेड चितारले, ते आठवणीतले आहे. त्याच सुमारास प्रत्यक्षातल्या न्यूस्टेडमध्ये गवंडी काम करत होते. वाचक पुढे तीर्थयात्रेला येऊ लागले. सोफिया हायट नावाची एक मूकबधिर स्त्री पांढऱ्या वेषात रोज बागेत फिरे. बायरनच्या कवितेखेरीज तिला जगात काही नव्हते. १८२५मध्ये नाइलाजाने ती जागा सोडून निघाली. कर्नलने तिला कायमचा आसरा देण्यासाठी मागोमाग स्वार धाडला, तर नॉटिंगहॅमच्या रस्त्यात गाडीखाली सापडून ती मेलेली आढळली. ही हकिगत अमेरिकन लेखक वॉशिंग्टन आयर्विंग ह्याने लिहून ठेवली. तो जानेवारी १८३२मध्ये कर्नलचा पाहुणा होता. न्यूस्टेडवरचे त्याचे पुस्तक १८३५ साली निघाले, आणि वास्तूची रम्य कीर्ती अटलांटिकपलीकडे गेली.

जानेवारी १८३२. नाताळच्या दिवसांत जमैकाच्या पश्चिम भागात सॅम्युएल शार्प ह्या गुलाम धर्मोपदेशकाच्या प्रेरणेने हजारो गुलामांनी काम बंद केले होते. मळे पेटले, सैन्य आले, तीनशेहून अधिक माणसांना फासावर चढवण्यात आले. मे महिन्यात शार्पही फाशी गेला. इंग्लंडमध्ये गुलामगिरीविरुद्धचा कायदा दुसऱ्याच वर्षी मंजूर झाला, तो काही अंशी ह्या उठावाच्या धक्क्याने. त्या कायद्यान्वये दोन कोटी पौंड भरपाई दिली गेली, ती मालकांना. गुलामांना एक पेनीही मिळाली नाही. आयर्विंग त्या दिवसांत न्यूस्टेडच्या दालनांत भुताखेतांच्या गोष्टी टिपून घेत होता. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण साहित्यिक तीर्थयात्रेला काय दिसते आणि काय दिसत नाही, ह्याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडते.

कर्नल १८५९मध्ये निपुत्रिक वारला. १८६१च्या सुमारास घर विल्यम फ्रेडरिक वेब ह्याने घेतले. हा मोठा शिकारी. दक्षिण आफ्रिकेत तापाने मरायला टेकला असता डेव्हिड लिव्हिंग्स्टन ह्याने त्याला वाचवले होते. त्या उपकाराची आठवण ठेवून वेबने १८६४च्या सप्टेंबरात लिव्हिंग्स्टनला न्यूस्टेडला बोलावले. तो एप्रिल १८६५पर्यंत तिथे राहिला. झांबेझी नदीवरील मोहिमेचा वृत्तांत त्याने तिथेच लिहून पुरा केला. पूर्व आफ्रिकेतील गुलामांच्या व्यापाराविरुद्ध इंग्लंडचे मत तयार करणाऱ्या ग्रंथांत त्याची गणना होते. लिव्हिंग्स्टनची खोली होती ससेक्स मनोऱ्यात, म्हणजे कर्नल वाइल्डमनने बांधलेल्या त्याच मनोऱ्यात. गुलामांच्या घामातून उभ्या राहिलेल्या भिंतींआड गुलामगिरीविरुद्धचे पुस्तक लिहिले गेले. कोणा कादंबरीकाराने हे रचले असते तर आपण त्याला ओढूनताणून आणलेला योगायोग म्हटले असते.

ह्या टप्प्यावर न्यूस्टेडची वाट मुंबईवरून जाते. न्यूस्टेडला येण्यापूर्वी, १८६४च्या उन्हाळ्यात, लिव्हिंग्स्टन ‘लेडी न्यासा’ ही आपली लहानशी आगबोट स्वतः हाकारत झांझिबारहून मुंबईला आला होता. पंचेचाळीस दिवसांचा प्रवास, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर. बरोबर चुमा आणि विकतानी ही दोन मुले होती. १८६१मध्ये शिरे नदीच्या खोऱ्यात गुलामांच्या साखळीतून त्याच्या तुकडीने सोडवलेली. ह्या दोघांना त्याने मुंबईत डॉ. जॉन विल्सन ह्यांच्या शाळेत ठेवले. आपल्याला विल्सन ठाऊक आहेत ते त्यांच्या नावाच्या महाविद्यालयामुळे आणि एकोणिसाव्या शतकातल्या धर्मवादांमुळे. चुमाचा बाप्तिस्माही त्यांच्याच हातून झाला. १८६५च्या सप्टेंबरात लिव्हिंग्स्टन परतला. सहा हजार पौंड खर्चून बांधलेली बोट त्याने २,३०० पौंडांना मुंबईत विकली. ते पैसे ज्या बँकेत ठेवले ती लवकरच बुडाली. पुढच्या मोहिमेसाठी त्याने चुमाला घेतले, आणि नाशिकजवळच्या शरणपूर इथल्या मिशन-शाळेतून नऊ आफ्रिकी तरुण. आरमाराने अरबी समुद्रातल्या गुलामवाहू गलबतांवरून सोडवलेल्या मुलांना त्या शाळेत आणून लिहायला-वाचायला आणि हातकाम शिकवले जाई. शरणपूर रोडवरून रोज ये-जा करणाऱ्या किती नाशिककरांना हे ठाऊक आहे कोण जाणे.

१८७३च्या मे महिन्यात लिव्हिंग्स्टन मध्य आफ्रिकेतल्या एका खेड्यात वारला. चुमा, सुसी आणि त्यांच्या साथीदारांनी ते शव वाळवून, गुंडाळून, महिनोन् महिने चालत किनाऱ्यावर आणले. शरणपूरच्याच शाळेत शिकलेल्या जेकब वेनराइटने झाडावर मृत्युलेख कोरला आणि प्रार्थना वाचली; वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीत शवपेटीच्या वाहकांत वेब होता, आणि जेकबही. चुमा आणि सुसी लंडनला पोचले ते दफन उरकल्यावर.

त्याच वर्षी, १८७४मध्ये, न्यूस्टेडला घेतलेले एक छायाचित्र आहे. टेबलावर लिव्हिंग्स्टनच्या रोजनिश्या आणि नकाशे पसरले आहेत. भोवती लिव्हिंग्स्टनची मुलगी ॲग्नेस, मुलगा टॉम, रोजनिश्यांचा संपादक होरेस वॉलर, आणि सुसी व चुमा. रोजनिश्यांतल्या अर्धवट नोंदींचा अर्थ लावायला वॉलरला ह्या दोघांचीच मदत लागत होती. मार्ग, नावे, दिवस त्यांनाच ठाऊक. त्या वर्षाअखेर ‘लास्ट जर्नल्स’ बाहेर पडले तेव्हा मुखपृष्ठावर संपादक म्हणून नाव आले ते वॉलरचे. न्यूस्टेडच्या साऱ्या चित्रांतले मला सर्वांत बोलके वाटते ते हे. गुलाम म्हणून विकला गेलेला आणि मुंबईच्या शाळेत शिकलेला एक माणूस जमैकाच्या पैशाने सावरलेल्या घरात बसून एका इंग्रजी ग्रंथाचा पाठ निश्चित करतो आहे. चुमा १८८२मध्ये झांझिबारला वारला.

वेबनंतर मालकी त्याच्या मुलांकडे गेली. त्यांतली एक मुलगी, ऑगस्टा झेलिया, लग्नानंतर काही वर्षे जमैकातच राहिली, आणि ‘ॲलिस स्पिनर’ ह्या टोपणनावाने तिथल्या वर्णभेदावर तिने कथा-कादंबऱ्या लिहिल्या. हे सहज जाता जाता. तिच्या मुलाने १९३१ साली न्यूस्टेड विकले ते सर ज्युलियन कान ह्याला. हप्त्यांवर फर्निचर विकून कोट्यधीश झालेला हा गृहस्थ क्रिकेटवेडा होता, आणि पायांना हवा भरलेली पॅडे बांधून खेळे असे म्हणतात. त्याने ते घर स्वतःकडे ठेवलेच नाही. नॉटिंगहॅमच्या नगरपालिकेला देऊन टाकले. जुलै १९३१मधील समारंभाला ग्रीसचे पंतप्रधान व्हेनिझेलोस खास आले होते, अर्थातच बायरनसाठी.

तेव्हापासून घर शहराचे आहे. नोव्हेंबर २०२३मध्ये ह्या नगरपालिकेने जमाखर्चाची तोंडमिळवणी होत नसल्याची कायदेशीर सूचना काढली. न्यूस्टेडच्या धन्यांत कर्जात सापडलेला तो काही पहिला नव्हे. परंतु शहराचे घर म्हणजे कोणाचे घर, ह्याचे उत्तरही १९३१नंतर बदलत गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर नॉटिंगहॅममध्ये कॅरिबियन बेटांवरून, मुख्यतः जमैकातून, हजारो लोक येऊन स्थायिक झाले. त्यांची मुले-नातवंडे त्या शहराचे नागरिक आहेत, त्याचे कर भरतात. म्हणजे कायद्याने पाहता न्यूस्टेडच्या मालकीत त्यांचाही वाटा आहे. त्यांच्यापैकी काहींनी अलीकडच्या वर्षांत तिथे जाऊन, बायरनच्या शयनगृहापलीकडे वाइल्डमनच्या दिवाणखान्यांत उभे राहून, क्वेबेक मळ्याची चौकशी सुरू केली आहे.